चारही चाकांना खिळे: नॉर्डिक हिवाळ्यात फोर-व्हील ड्राइव्हसाठी टायर निवडताना

मनालीत बर्फ पडला की सोलंगच्या वाटेवर पोलीस गाड्या अडवतात आणि फोर-बाय-फोर किंवा साखळ्या बांधलेल्या गाड्याच पुढे सोडतात. आपल्याकडून स्वीडन, फिनलंड किंवा नॉर्वेला गेलेल्या माणसाच्या डोक्यात हेच चित्र असतं. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे बर्फाचा प्रश्न मिटला! पहिल्या हिवाळ्यात बम्पर फुटतो तो या समजापायी.

इंजिनाची ताकद चार चाकांना मिळाली तर गाडी जागेवरून निघते, चढ चढते, बर्फाच्या ढिगातून बाहेर येते. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. दोन चाकांना ताकद देणारी साधी हॅचबॅक आणि चारही चाकांना देणारी एसयूव्ही, दोघी थांबतात त्या टायरच्या पकडीवर. वजन जास्त म्हणून एसयूव्ही लवकर थांबेल असंही नाही. उलट फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बर्फावर इतकी सहज वेग घेते की रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. ते कळतं पुढच्या सिग्नलला. म्हणून टायरची निवड या गाडीसाठी जास्त काळजीने करायची.

खिळे हवेतच का, हे आधी ठरवा

हिवाळी टायर दोन जातींचे. एकात धातूचे खिळे ठोकलेले असतात. त्याला स्वीडिशमध्ये डुब्डेक, नॉर्वेजियनमध्ये पिगडेक आणि फिनिशमध्ये नास्तारेंगास म्हणतात. (शेवटच्याचा नाश्त्याशी संबंध नाही, तरी मराठी कानाला तो शब्द पहिल्याच दिवशी पाठ होतो.) दुसऱ्या जातीत खिळे नसतात. मऊ रबर आणि त्यात पातळ चिरांचं जाळं, एवढ्यावरच तो बर्फ धरतो. त्याला इथे फ्रिक्शन टायर म्हणतात.

दोघांतला फरक कुठे पडतो? मोकळ्या, भुसभुशीत बर्फावर फारसा नाही. तिथे नक्षी आणि रबर काम करतात. फरक पडतो तो काचेसारख्या गुळगुळीत, कडक बर्फावर, आणि त्यातही तापमान शून्याच्या जवळपास असताना. उणे दोन-तीन अंशांना चाकाखालच्या बर्फावर पाण्याचा बारीक थर राहतो आणि रबर त्यावर तरंगल्यासारखं घसरतं. खिळा तो थर भेदून खालच्या बर्फात रुततो. उणे वीसच्या खाली बर्फ कोरडा आणि टणक होतो. खिळा कमी रुततो, रबराला मात्र बरी पकड मिळते, आणि दोघांतलं अंतर कमी होतं. म्हणजे गंमत अशी की खिळ्यांची खरी गरज अतिथंड लॅपलंडच्या जानेवारीपेक्षा दिवसा वितळणाऱ्या आणि रात्री गोठणाऱ्या किनारी हवेत जास्त भासते.

आता दुसरी बाजू. ओल्या किंवा कोरड्या मोकळ्या डांबरावर खिळ्यांचा टायर थांबायला कधीकधी जास्त अंतर घेतो, आवाज करतो, इंधन जास्त खातो. शिवाय डांबर उगाळतो. त्या उगाळण्याने रस्त्यात चाकोऱ्या पडतात, पावसात त्यांत पाणी साठतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये रस्ता कोरडा झाला की तीच धूळ हवेत उठते. स्टॉकहोमने हॉर्नसगाटन या रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरना बंदी घातली ती या धुळीमुळे.

आमचा ठोकताळा असा. स्टॉकहोम, गोटेनबर्ग, हेलसिंकी किंवा ओस्लोत राहता, रोजची ये-जा मीठ टाकलेल्या मोठ्या रस्त्यांवरून होते, आणि बर्फाचं वादळ आलं तर एक दिवस घरून काम करणं जमतं, तर चांगला नॉर्डिक फ्रिक्शन टायर पुरतो. गावाबाहेर घर, पहाटेची पाळी, उतारावरची गल्ली, तळ्याकाठचा वळणावळणाचा रस्ता किंवा दर शनिवार-रविवारी डोंगराकडे जाणं असेल, तर खिळे घ्या. लुलिओ, किरुना, ओलू, रोव्हानिएमी, त्रोम्सो अशा ठिकाणी नव्या चालकाने फार विचार करत बसू नये. बर्फावर गाडी चालवायचा सराव नसलेल्या माणसाला खिळे चूक सावरायला थोडी जास्त जागा देतात.

कायदा: तारखा आणि सीमा

स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. रस्त्याच्या एखाद्याच भागावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेलं दव असलं तरी ती हिवाळी परिस्थिती धरली जाते. खिळ्यांचे टायर १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतात. त्याबाहेर फक्त खरोखर हिवाळी परिस्थिती असली तर. फिनलंडमध्ये २०२० पासून नियम हवामानावर बांधला आहे. नोव्हेंबर ते मार्चअखेर, हवा किंवा रस्ता मागेल तेव्हा हिवाळी टायर हवेत. खिळे त्याच महिन्यांत, आणि इतर वेळी हवामानामुळे गरज पडली तरच. नॉर्वेत १ नोव्हेंबरपासून ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारपर्यंत खिळे चालतात. नूरलान, त्रोम्स आणि फिनमार्क या उत्तरेकडच्या भागांत मुदत याहून मोठी आहे. ओस्लो आणि बर्गनमध्ये खिळ्यांच्या टायरसाठी वेगळं शुल्क भरावं लागतं. दिवसाचं, महिन्याचं किंवा पूर्ण हंगामाचं. ते न भरता शहरात शिरलं की दंड.

तिन्ही देशांत हिवाळी टायरच्या नक्षीची खोली किमान ३ मिमी लागते. आणि लहान गाडीला खिळे लावायचे तर चारही चाकांना लावायचे. दोन खिळ्यांचे, दोन साधे अशी काटकसर कायद्यातच बसत नाही.

फ्रिक्शन टायर घेणाऱ्यांसाठी एक सूचना. टायरवर नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं तर १ डिसेंबर २०२४ पासून स्वीडन आणि फिनलंडमध्ये तो हिवाळी टायर धरला जात नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह हवं. जुनी गाडी विकणारा ‘ऑल सीझन आहेत, चालतात’ म्हणाला तर आधी टायरच्या बाजूवर हे चिन्ह शोधा.

नाताळच्या सुट्टीत गाडी घेऊन खाली युरोपात उतरणाऱ्यांची फसगत हमखास होते. त्रेलेबोर्गहून फेरीने जर्मनीत उतरलात की खिळे बेकायदा. पोलंड आणि नेदरलँड्समध्येही बंदीच. डेन्मार्कमध्ये १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल चालतात. बर्लिनला नातेवाईक असतील आणि दर हिवाळ्यात गाडीनेच जायचं असेल, तर तेवढ्या एका कारणासाठी फ्रिक्शन टायर घेणं शहाणपणाचं.

अटलांटिकपलीकडे हिशेब वेगळा. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन हे सगळं दक्षिण ऑन्टारिओ, आणि तिथे स्थानिक गाड्यांना खिळे चालत नाहीत. ते उत्तर ऑन्टारिओपुरते. क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आणि १५ ऑक्टोबर ते १ मे खिळ्यांना परवानगी. मिनेसोटात एवढा बर्फ पडूनही रहिवाशांना खिळ्यांची बंदी आहे. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च खिळे चालतात.

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिका

चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतं. सुरुवात तिथून. मध्यम एसयूव्हीवर नेहमी दिसणारा आकार घेऊ: २२५/६० आर १७ १०३ टी एक्सएल.

२२५ म्हणजे रुंदी, मिमीमध्ये. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, इथे १३५ मिमी. आर ही रेडियल बांधणीची खूण, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. १०३ हा भाराचा आकडा, एका टायरला ८७५ किलो. त्याच आकारात ९९ लिहिलेला टायरही मिळतो, तो ७७५ किलोचा. टी म्हणजे कमाल ताशी १९० किमी वेग. एक्सएल म्हणजे जास्त भार पेलणारा टायर. नॉर्डिक हिवाळी टायर बहुधा टी किंवा आर या वेगाच्या अक्षराचे असतात. उन्हाळी टायरवर एच किंवा व्ही पाहायची सवय असल्याने हे ‘हलके’ वाटतात, पण मऊ रबराची ती मर्यादा आहे आणि इथल्या वेगमर्यादांपुढे ती भरपूर आहे. उलट एच किंवा व्ही लिहिलेला खिळे नसलेला हिवाळी टायर स्वस्तात दिसला तर थबका. तो बहुतेक मध्य युरोपसाठी, पावसाच्या आणि चिखलबर्फाच्या हिवाळ्यासाठी बनवलेला असतो. कडक बर्फावर तो लवकर हात टेकतो.

भाराच्या आकड्यावर तडजोड करू नका. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी एरवीच जड, त्यात बॅटरीवरची असेल तर आणखी जड. काही नव्या विजेच्या एसयूव्हींना एक्सएलही पुरत नाही, त्याहून जास्त भार पेलणारा एचएल खुणेचा टायर लागतो.

आता रुंदी. बर्फासाठी टायर शक्यतो अरुंद आणि उंच बाजूचा घ्यावा. गाडीला १७, १८ आणि १९ इंच असे तीन पर्याय मंजूर असतील तर हिवाळ्यासाठी सगळ्यात लहान रिम घ्या. टायर स्वस्त पडतो, उंच बाजू बर्फाखाली लपलेले खड्डे सोसते, आणि अरुंद टायर चिखलबर्फ कापत जातो. आपल्या उदाहरणात २१५/७० आर १६ बसू शकतो का ते पाहा. २२५/६० आर १७ चा व्यास साधारण ७०२ मिमी, २१५/७० आर १६ चा ७०७. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटरची अडचण नाही. अडचण येते ब्रेकची. १६ इंची रिम पुढच्या कॅलिपरला घासू शकते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत मंजूर असलेलाच आकार घ्या, ‘बसतंय’ एवढ्यावर विसंबू नका.

एक खिळा हातात घेऊन

कारखान्यात खिळे लावलेल्या टायरमधला एक खिळा तळहातावर ठेवला तर तो करंगळीच्या नखाएवढाही भरत नाही. वजन साधारण एक ग्रॅम. खाली रुंद टोपी असते, ती रबरात रुतून बसते आणि खिळा उपटू देत नाही. मधलं धड अॅल्युमिनियमचं किंवा पोलादाचं. वर टंगस्टन कार्बाइडची बारीक टोकणी, तीच बर्फ कोरते. नव्या टायरमध्ये ही टोकणी रबराच्या वर एक ते सव्वा मिमी डोकावते. सगळी करामत त्या एका मिमीत आहे.

खिळे किती हवेत? फिनलंडच्या नियमात मूळ हिशेब टायरच्या परिघाच्या दर मीटरला ५० खिळे असा आहे. आपल्या टायरचा परीघ २.२ मीटर, म्हणजे ११० खिळे. मग दुकानात १९० किंवा २५० खिळ्यांचे टायर कसे दिसतात? कारण रस्ता किती झिजतो याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरला जास्त खिळ्यांची मुभा आहे. खिळा हलका केला, टोकणीचा आकार बदलला, बुडाशी मऊ रबर दिलं, तर जास्त खिळे लावूनही रस्ता तेवढाच झिजतो. नोकियनच्या हाक्कापेलीटात मधले आणि कडेचे खिळे वेगवेगळ्या आकाराचे असतात. मधले ब्रेक आणि वेगासाठी, कडेचे वळणासाठी. मिशेलिनच्या एक्स-आइस नॉर्थ ४ मध्ये २५० पर्यंत खिळे आहेत. पण नुसता आकडा बघून टायर घेऊ नका. खिळे नक्षीत कुठे पसरलेत आणि किती घट्ट बसलेत यावर पकड ठरते.

(ही नोकियन म्हणजे मोबाइलवाल्या नोकियाचीच भावकी. दोघांचं नाव फिनलंडमधल्या नोकिया गावावरून आलं. १९८८ मध्ये टायरचा धंदा वेगळा झाला. हाक्कापेलीटा हे नाव मात्र १९३६ पासून चालू आहे, सतराव्या शतकातल्या फिनिश घोडदळाचं.)

युरोपियन टायर लेबल इथे कामाचं नाही, कारण खिळ्यांचे टायर त्यातून वगळलेले आहेत. बर्फावरच्या पकडीचं छोटं चिन्ह दिसतं ते फ्रिक्शन टायरवर. त्यामुळे तुलना करायची तर स्वीडनचं वी बिलेगारे आणि फिनलंडचं तेक्नीकान माइल्मा ही मासिकं आणि नॉर्वेची एनएएफ ही वाहनचालकांची संघटना यांच्या दर शरदातल्या चाचण्या बघा. बघताना एकूण गुणांवर थांबू नका. बर्फावरचं ब्रेकिंग आणि ओल्या डांबरावरचं ब्रेकिंग या दोनच ओळी वाचा. पहिलीत वरचा आणि दुसरीत तळाचा असलेला टायर शहरात राहणाऱ्याने घेऊ नये.

अमेरिका आणि कॅनडात आणखी एक प्रकार मिळतो. नुसती भोकं असलेला टायर, ज्यात दुकानदार हवाबंदुकीने खिळे ठोकून देतो. टायरच्या बाजूवर कोणत्या क्रमांकाचा खिळा लागेल ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ १२ किंवा १३. लांब खिळा घातला तर तो बाहेर जास्त येतो आणि उडतो, आखूड घातला तर बर्फापर्यंत पोचतच नाही. हे काम फक्त कोऱ्या टायरवर होतं. एकदा रस्त्यावर फिरलेल्या टायरच्या भोकांत खडी-माती शिरते आणि खिळा घट्ट बसत नाही. ‘या वर्षी तसाच वापरतो, पुढच्या वर्षी खिळे मारून घेईन’ हा बेत चालत नाही.

चारही एकसारखे, म्हणजे किती एकसारखे

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. कंपनी, मॉडेल आणि आकार चारही चाकांना एकच हवा हे बहुतेकांना माहीत असतं. नक्षीची खोलीही जवळपास एकच हवी, हे माहीत नसतं.

समजा तीन हिवाळे चाललेल्या टायरची खोली ६ मिमी उरली आहे. एक फाटला म्हणून तुम्ही एक कोरा, साडेनऊ मिमीचा आणला. त्रिज्येत साडेतीन मिमीचा फरक, म्हणजे परिघात २२ मिमीचा, जवळपास एक टक्का. हे चाक एका किलोमीटरला सुमारे ४५० फेरे घेतं. एक टक्का म्हणजे दर किलोमीटरला साडेचार फेऱ्यांचा फरक, शंभर किलोमीटरला साडेचारशे. हा फरक कुणीतरी गिळायचा. तो गिळतो मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) किंवा मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच. रस्ता सरळ असतानाही त्याला वाटतं की चाक घसरतंय, म्हणून तो सतत आवळत-सोडत राहतो, तापतो, तेल जळतं. दुरुस्तीचं बिल चार कोऱ्या टायरपेक्षा मोठं येतं.

किती फरक चालतो ते पुस्तिकेत असतं. सुबारूचा नियम परिघात पाव इंचाचा, म्हणजे सुमारे ६.४ मिमी. खोलीत तो एक मिमी होतो. तुमच्या पुस्तिकेत आकडा नसेल तर हाच पाळा. मोजायला खोलीमापक लागतो, कुठल्याही गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी, बाहेरची, मधली आणि आतली खाच मोजा. परीघ मोजायचा तर टायर उतरवून शिंप्याचा फीत-टेप मधोमध गुंडाळा.

खिळ्यांचाही हिशेब आहे. फिनलंडमध्ये एका गाडीच्या टायरांत खिळ्यांच्या संख्येचा फरक २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एकाला ११० खिळे उरले आणि दुसऱ्याला ७५, तर कायदा मोडलात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. मागच्या दोन चाकांना पुढच्यापेक्षा कमी पकड असली तर वळणावर शेपूट सुटतं, आणि सुटलेली शेपूट सावरणं नवख्याच्या हातचं काम नाही. म्हणून दोन टायर जरा बरे, दोन जरा उतरलेले असतील, तर बरे मागे लावा.

गाडी कायमची फोर-व्हील आहे, आपोआप जोडणारी आहे, की जिम्नीसारखी हाताने जोडायची, हेही बघून ठेवा. हाताने जोडायच्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. रस्ता अर्धा बर्फाचा आणि अर्धा कोरड्या डांबराचा असेल तर तिला फोर-व्हीलमध्ये ठेवून चालवू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर खिळे त्यांना जराही घसरू देत नाहीत. ताण सगळा गियरबॉक्समध्ये साठतो.

रिम, नट आणि सेन्सर

हिवाळी टायर वेगळ्या रिमवरच कायमचे बसवून घ्या. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवले-चढवले तर मजुरी दोन-तीन वर्षांत नव्या रिमइतकी होते, आणि टायरच्या काठाची वाट लागते ती वेगळीच. रिम घेताना बोल्टची संख्या आणि वर्तुळ (उदाहरणार्थ ५×११४.३), ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते तो आकडा) आणि मधल्या भोकाचा व्यास जुळला पाहिजे. मधलं भोक मोठं असेल तर प्लास्टिकची मध्य-कडी घाला, नाहीतर ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

नट हा दुर्लक्षित विषय. कंपनीच्या अलॉय रिमला कधी सपाट वॉशरचे नट असतात, कधी गोलाकार बुडाचे, आणि बाजारातल्या रिमला बहुधा शंकूच्या आकाराचे लागतात. चुकीचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो अगदी थोड्या जागेवर, आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. रिम घेतानाच तिला कुठले नट लागतात ते विचारा आणि तेही घ्या.

टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा दोन प्रकारची. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. मग हिवाळी रिमनाही चार सेन्सर हवेत, युरोपात ४३३ मेगाहर्ट्झचे. अमेरिकेतून गाडीसोबत आणलेले ३१५ चे इथे चालत नाहीत. काही गाड्या चाकाच्या वेगावरून अंदाज बांधतात. तिथे सेन्सर नको, फक्त टायर बदलल्यावर मेन्यूत जाऊन नवा दाब नोंदवायचा.

खरेदी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत. पहिला बर्फ पडला की प्रत्येक वर्कशॉपपुढे रांग लागते आणि नेहमीचे आकार संपलेले असतात.

वापरलेले टायर स्वीडनमध्ये ब्लॉकेट, फिनलंडमध्ये तोरी, नॉर्वेत फिन या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर रिमसकट मिळतात. घेण्यात गैर काही नाही, फक्त हे तपासा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर घेऊ नका. नक्षी कितीही असली तरी रबर ताठरलेलं असतं. चारही टायरांची तारीख जवळपास एकच असावी. खोली किमान ६ मिमी, कारण कायदा ३ म्हणत असला तरी ४-५ च्या खाली बर्फातली पकड झपाट्याने जाते. मग खिळे. नखाने प्रत्येक खिळा हलवून पाहायची गरज नाही, चाक हळूहळू फिरवून रिकामी भोकं मोजा. खिळे रबराशी सपाट झाले असतील तर तो टायर घेऊ नका. त्याला आवाज आहे, पकड नाही. उलट दोन मिमीपेक्षा जास्त बाहेर आलेले असतील तर ते कायद्यात बसत नाहीत आणि लवकरच उडतील. विक्रेत्याने फक्त फोटो पाठवले, तर खोलीमापक टायरमध्ये टेकवलेला फोटो मागा. खरा विक्रेता लगेच पाठवतो.

बसवणं आणि पहिले ५०० किलोमीटर

घरी बदलणार असाल तर गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, गियर पार्कमध्ये. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. हबच्या (रिम जिथे बसते त्या भागाच्या) तोंडावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. गंजावर बसलेली रिम नंतर खाली बसते आणि नट सैल होतात. नटच्या आट्यांना ग्रीस लावू नका, टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा खोटा ठरतो. बाजूवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने. आधी हाताने, मग एकाआड एक अशा चांदणीच्या क्रमाने आवळा, शेवटी टॉर्क रेंचने. टोयोटा राव-४ ला १०३ न्यूटन-मीटर लागतात, काही जर्मन गाड्यांना १२० ते १४०. तुमचा आकडा पुस्तिकेतला. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच फिरवा. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात.

कोऱ्या खिळ्यांना पहिले ५०० किलोमीटर जपा. खिळ्याभोवतीचं रबर या काळात बसतं. जोरात पिकअप, झटक्याचे ब्रेक, जागेवर चाक फिरवणं टाळा. विजेच्या गाडीत हे जड जातं, कारण पायाखाली टॉर्क लगेच येतो. ‘स्नो’ किंवा ‘इको’ मोड ठेवा. या काळात उपटलेला खिळा परत बसवता येत नाही.

हवा भरताना एक सापळा आहे. गरम गॅरेजमध्ये २० अंशांना २.३ बार भरली आणि बाहेर उणे २० असेल, तर सकाळी टायरमध्ये १.८५ च्या आसपास उरते. पंप बिघडलेला नाही, हवा आकसली. म्हणून दाब बाहेर, गार टायरवर, पाच किलोमीटरच्या आत मोजा. पुस्तिकेतल्या आकड्यावर ०.२ बार जास्त ठेवला तरी चालतं. दर महिन्याला एकदा, आणि थंडीची लाट आली की लगेच.

टायर लावल्यावर पहिल्या बर्फात एखादं रिकामं पार्किंग शोधा. ताशी ३० ने जाऊन ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली एबीएस थरथरेल, पाय उचलू नका. किती अंतर लागलं ते पावलांनी मोजा. मग तेच अंतर साध्या ओल्या डांबरावर मोजा.

हंगामात आणि नंतर

महिन्यातून एकदा रिकामी भोकं मोजत राहा. एका चाकाचे खिळे इतरांपेक्षा लवकर जात असतील तर ते चाक घसरतंय, किंवा अलाइनमेंट बिघडली आहे. बर्फात रुतल्यावर पाय दाबून चाक गरगर फिरवणं ही खिळे घालवायची सगळ्यात जलद रीत. खाली डांबर लागलं की खिळा तापतो, रबर सैल होतं आणि तो सुटतो. फावडं काढा.

मुदत संपायच्या आत टायर उतरवा. उतरवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी पुढचे मागे आणि मागचे पुढे, त्याच बाजूला ठेवून बदलता येतात. खिळ्यांच्या टायरची फिरण्याची दिशा बदलू नये, खिळे एका दिशेला कललेले असतात. टायर धुऊन, खाचांतली खडी काढून, अंधाऱ्या गार जागी ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक रचा किंवा टांगा, नुसते टायर असतील तर उभे. जागा नसेल तर इथे टायरांचंही हॉटेल असतं, स्वीडिशमध्ये डेकहोटेल, फिनिशमध्ये रेंगासहोटेली. तिथे देण्यापूर्वी खुणा स्थानिक भाषेत करा. स्वीडनमध्ये पुढचं डावं म्हणजे व्हीएफ, मागचं उजवं म्हणजे एचबी. ‘डा.पु.’ लिहून दिलंत तर ऑक्टोबरमध्ये ते कुठल्याही चाकाला लागून येईल.